सावलीत वाळवा

पाकिटावर छापलेलं असायचं:
दहा किलो बियाण्यास एक पाकीट.
गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा,
हलक्या हातानं चोळा,
सावलीत वाळवा, लगेच पेरा.
बाबा कृषी सहायक. शाळेच्या ओट्यावर
सोयाबीनला ते काळं पीठ लावून दाखवायचे
आणि शेवटची ओळ दोनदा म्हणायचे.

इथे सुवैकला, बातिनाच्या किनाऱ्यावर,
सावलीच पंचेचाळीस अंशांची.
आणि 'लगेच' हा शब्द तर
बंदरातच मरतो,
कंटेनरच्या पोटात, कागदावर शिक्का बसेपर्यंत.

पहिल्या खेपेचं बी मी धुतलं,
ते पाणी काचेच्या ताटल्यांत पसरून पाच दिवस थांबले.
एकही ठिपका नाही.
झुवैनाबाईंनी विचारलं, किती होते?
निघाले तेव्हा एका बीवर लाखभर, मी म्हटलं.
त्यांनी वहीत शून्य लिहिलं,
मग पेन खाली ठेवून
खिडकीचा पडदा उगाच नीट केला.

मग आम्ही रेशीम उकळलं.
कोश कातरून सोड्याच्या पाण्यात, अर्धा तास;
चिकट ते निघून गेलं.
उरलेला धागा क्षारात विरघळवला,
आणि तोच क्षार काढून टाकायला तीन दिवस पाणी बदलत बसलो.
शेवटी हातात आलं ग्लासभर पिवळट पाणी.
शालूत चमकतं तेच हे,
यावर कुणाचा विश्वास बसला नसता.
त्यात एक साखर, गुळाची लांबची बहीण,
पाणी गेलं तरी पेशीला
पाण्याच्या जागी उभी राहून धरणारी.
आणि त्यात ते, कालवलेले.

संक्रांतीचा हलवा ज्यांनी केला आहे
त्यांना पुढचं सांगायला नको.
थेंब, थांबणं, फिरवणं. थेंब, थांबणं.
फक्त खाली विस्तव नाही
आणि काटा येऊ द्यायचा नाही.
लसूणघासाचं बी, मोहरीएवढं;
त्यावरचा पापुद्रा केसाहून पातळ.

खलफान बिन सईद यांनी चार दाणे जिभेवर ठेवले.
गोड आहे, म्हणाले, आणि थुंकले नाहीत.
त्यांच्या विहिरीत समुद्र आला त्याला अकरा वर्षं झाली,
जमिनीखालून, कुणाला न विचारता.
लिंबं गेली, मग आंबा.
बकऱ्यांपुरतं गत्त उरलं होतं, तेही पिवळं.

नोव्हेंबरात पेरलं.
मोतालेब सरीवर वाकलेला, बरिसालचा,
विचारतो, आत झोपलेत का ते?
झोपलेत नाही, थांबलेत.
किती जण?
मी आकडा सांगितला.
तो हसला, म्हणाला, आमच्या खोलीसारखंच की,
फक्त तिथे कुणी साखर लावत नाही.

चाळीस दिवसांनी खुरप्यानं मूळ उचललं.
खारट मातीची ढेकळं झाडली.
मुळाला गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या.
एक नखानं फोडली,
आत गुलाबी.
बाळाच्या हिरडीचा असतो तो गुलाबी.
मी झुवैनाबाईंना हाक मारली की नुसतीच ओरडले,
आठवत नाही.
पाचपैकी तीन ओळी हिरव्या.
समुद्राकडच्या दोन ओळींत काहीच नाही,
तिथे पांढरं मीठ फुललेलं,
तेही वहीत लिहिलं.

रात्री बाबांना फोन केला.
रेशीम, साखर, पापुद्रा,
गाठीचा रंग, सगळं सांगितलं.
त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.
बराच वेळ गप्प राहिले.
मग मोठ्यानं म्हणाले,
सावलीत वाळवलंस ना?

हो, म्हटलं. सावलीतच.